मोरीच्या वासाची कुळकथा

आजचा विषय नाक मुरडायला लावणारा आहे, पण ऐका.

मोऱ्यात नि उरणच्या बाजूला जुन्या घरांची जोती एकेकाळी रस्त्याहून उंच असत. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि कितीतरी घरं खाली राहिली. त्याच खालच्या खोलीत आता नवं बाथरूम काढतात. लाद्या चकचकीत, नळ नवे, आणि चार महिन्यांत वास सुरू. मग बोलणी कुणाला? सुनेला. मोरी घासत नाही, फिनेल टाकत नाही. आम्ही आज त्या सुनेची बाजू घेणार आहोत, आणि त्यासाठी पार लंडनला जाऊन येणार आहोत.

१७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं संडासाच्या नळाला वाक दिला. त्या वाकात पाणी साचून राहतं आणि गटाराची हवा तिथंच अडते. युक्ती इतकी सोपी, की अडीचशे वर्षं झाली तरी आपल्या बेसिनखाली तीच आहे. पण पुढं घरोघरचे नळ मोठ्या गटारांना जोडले गेले आणि एक गोची झाली. नळातून पाणी भरभरून खाली धावलं की मागं पोकळी होते, आणि ती वाकातलं पाणीही ओढून नेते. दार सताड उघडं! तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत पडतं; समोर दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. छपरावर गेलेली हवेची नळी म्हणजे हे दुसरं भोक. तिच्यातून गटाराचा वायू वर जातो, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे हवा आत येते.

लोकांनी ही नळी मनावर घेतली ती भीतीपोटी. १८७१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाला विषमज्वर झाला, आणि तो उतरला होता त्या घरातल्या गटाराच्या हवेवर ठपका आला. विषमज्वर हवेनं नव्हे, घाण पाण्यातून नि अन्नातून पसरतो, हे सर्वांच्या गळी उतरायला वेळ लागला. तोवर नळ्या मात्र छपरावर पोचल्या. कारण चुकीचं, काम बरोबर. असंही होतं कधी कधी.

मुंबईत तेव्हा मैला टोपल्यांतून उचलला जाई. चाळींच्या मागच्या अरुंद हाऊसगल्ल्यांतून हे काम करणारी माणसं येत-जात. त्यांच्या श्रमावर शहर उभं होतं आणि त्यांनाच शहर शिवून घेत नव्हतं, हे विसरून गटारांचा इतिहास सांगता येत नाही. कॅप्टन हेक्टर टुलॉक या इंजिनियरनं १८७२ मध्ये मुंबईच्या सांडपाण्यावर मोठा अहवाल लिहिला, १८९० मध्ये बाल्डविन लॅथम यानं आणखी एक. १८९६ ला मांडवीत प्लेग निघाला तेव्हाही संशय गटारांवरच गेला. समुद्राचं पाणी नि कार्बोलिक ओतून ती धुतली गेली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों यानं कराचीत उंदरांवरच्या पिसवांचा माग काढला, तेव्हा खरा गुन्हेगार कळला.

या सगळ्यात आपल्या न्हाणीनं मात्र नाव कमावलं. जमिनीतल्या जाळीखालच्या त्या वाडग्याला इंजिनियरांच्या इंग्रजी पुस्तकातही ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात. त्यात साधारण दोन इंच पाणी उभं हवं. महिनाभर घर बंद राहिलं की ते सुकतं. तेव्हा माहेरून परत आल्यावर आधी तांब्याभर पाणी तिथं ओता.

गटाराच्या वायूनं रोग होत नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. त्यातला मिथेन पेट घेतो. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतल्या वायूवर दिवे लावले होते. दुसरा, कुजक्या अंड्याच्या वासाचा, बंद टाकीत साचला तर माणूस क्षणात कोसळतो, आणि जास्त असला तर नाकाला वासही कळत नाही. म्हणून टाकीत कुणाला उतरवू नका. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे.

आता खालच्या खोलीचं. रस्त्याचं गटार वर आणि बाथरूम खाली, तर पाणी आपसूक जाणार नाही. खड्डा करून पंपानं चढवावं लागतं. त्या खड्ड्याला घट्ट झाकण हवं, आणि झाकण घट्ट म्हणून त्याला स्वतःची हवेची नळीही हवी. भरतीचं पाणी गटारात शिरतं तिथं उलटं पाणी अडवणारी झडपही लागते. संडासाजवळून निघालेली नळी भिंतीतून सरळ छपरावर न्यायची, खिडकीपासून लांब, तोंडाला डासांची जाळी लावून. ती माळ्यावर किंवा छज्जाखाली संपवली, तर वास फक्त खोली बदलतो.

गवंडी म्हणेल, कशाला ताई, भिंत खराब दिसते. त्याला लाद्या बसवायच्या आधी दोन बादल्या पाणी संडासात एकदम ओतायला सांगा, आणि तुम्ही न्हाणीच्या जाळीला कान लावा. गुडगुड ऐकू आली, तर नळी नाही, किंवा असली तरी कुठंतरी बुजलेली आहे.