पाणबुडीच्या मागावरची विमाने

पैठणहून समुद्र पुष्कळ लांब. पश्चिमेला निघावे तर मध्ये सह्याद्री आडवा उभा. तरीही या गावाची समुद्राशी ओळख जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याच्या सागरवृत्तांतात पैठणचे नाव येते. भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांवर लादून बंदराकडे येतात, असे तो सांगतो. सातवाहनांच्या काही नाण्यांवर तर दोन डोलकाठ्यांचे जहाजच उमटविलेले आहे. आता आमच्या पोरांना समुद्र म्हणून दाखवावयास नाथसागर आहे, आणि त्याहून मोठा समुद्र हवा असेल तर तो हातातल्या फोनमध्ये आहे.

दिवाळीला आजोळी आलेला आमचा भाचा असाच त्या समुद्रात बुडाला होता. आरमारी लढाईचा खेळ. देशोदेशींची मुले एकाच वेळी खेळणारी. या खेळात आधी केवळ जहाजे होती, मग पाणबुड्या आल्या, आणि त्या भारी पडू लागल्या तेव्हा त्यांची शिकार करणारी विमाने आली. तीन फराळाच्या हाका अनुत्तरित राहिल्यावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तेव्हा त्याने मान वर न करताच विचारले, “मामा, विमान वरती, पाणबुडी पाण्याखाली. मग खरोखरीच्या लढाईत ती दिसते कशी?”

प्रश्न रास्त होता. चकलीचा तुकडा मोडत मी जे सांगितले, तेच येथे थोडे नीट मांडून देतो.

खुल्या समुद्रात पाणबुडी विमानाच्या हातून प्रथम बुडाली ती 1916 सालच्या सप्टेंबरात. ‘फुको’ ही फ्रेंच पाणबुडी एड्रिआटिक समुद्रात होती. पाणी नितळ, आणि वरून जाणाऱ्या ऑस्ट्रियाच्या विमानांना तिची काळी सावली पाण्यात दिसली. बॉम्ब पडले, पाणबुडी कशीबशी वर आली आणि खलाशांनी पाण्यात उड्या टाकल्या. पुढचा भाग ऐकून भाच्याने प्रथमच मान वर केली. ती विमाने पाण्यावर उतरणारी होती. ती उतरली आणि ज्यांना बुडविले त्यांनाच त्यांनी आधार दिला. सारे खलाशी वाचले. पुढच्या युद्धांतून हे सौजन्य हरवले ते हरवलेच.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी इंग्लंडची रसद तोडत आणली, तेव्हा तर चक्क खेळच कामी आला. 1942 च्या जानेवारीत लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी एक खोली थाटली. जमिनीवर रेघांचा पट, त्यावर लाकडी जहाजे, आणि खडूने आखलेल्या वाटा. नौदलातील तरुण मुली पाणबुड्यांची बाजू खेळत आणि समुद्रावरून आलेले अधिकारी कापडी पडद्याच्या फटीतून, जेवढे खऱ्या जहाजावरून दिसेल तेवढेच पाहून, आपली चाल सांगत. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन हे स्वतः नामांकित पाणबुडीवाले. तेही तेथे एका मुलीकडून पुनःपुन्हा हरले. या पटावर सापडलेले डावपेच अटलांटिकवर वापरले गेले. म्हणजे पोरखेळ म्हणून नाक मुरडावे अशी ही गोष्ट नव्हे, हे मला भाच्यासमोर नाइलाजाने कबूल करावे लागले.

त्याच काळात आपल्या बाजूसही कॅटालिना नावाची उडती जहाजे पाणबुड्या हुडकीत फिरत. त्यांचा एक तळ मद्रासजवळच्या रेड हिल्स तलावावर होता. नाथसागरासारखे गोडे पाणी आणि त्यावर उतरणारे युद्धविमान, असे चित्र मनात आणून पाहावे.

स्वतंत्र भारताच्या आरमाराला पाणबुडी शोधणारे हक्काचे विमान मिळाले ते 1961 साली, ‘विक्रांत’बरोबर. बेलफास्ट येथे 4 मार्चला ही विमानवाहू नौका आपल्या आरमारात दाखल झाली आणि 3 नोव्हेंबरला मुंबईस पोहोचली. तिच्यावर लढाऊ ‘सी हॉक’ होती, आणि दुसरी होती फ्रान्समधील ब्रेगे कंपनीची ‘अलिझे’. अलिझे म्हणजे व्यापारी वारा. ज्या वाऱ्यांच्या भरवशावर जुनी गलबते महासागर ओलांडीत, त्यांचे नाव या शिकाऱ्याला मिळाले होते.

अलिझेत माणसे तीन. एक विमान चालवी, उरलेले दोघे यंत्रांवर डोळे आणि कान लावून बसत. पोटाखालून रडारचा गोल घुमट खाली उतरे. पाणबुडीने श्वासनलिका किंवा दुर्बिणीची नळी पाण्याबाहेर काढली तर तेवढ्याचाही ठिपका त्यावर उमटण्याची आशा असे. संशय आला की तरंगते सोनोबॉय पाण्यात टाकायचे. हे एक प्रकारचे कान होत. पाण्याखालची घरघर ऐकून ते रेडिओने वर कळवितात. मग टॉर्पेडो अथवा पाण्याखाली फुटणारे बॉम्ब. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु आपल्या उष्ण समुद्रात वरचे पाणी ऊन, खालचे थंड. या दोन थरांच्या सांध्यावर आवाज वाकतो, आणि त्या सांध्याखाली दबा धरून बसलेली पाणबुडी सापडता सापडत नाही.

या विद्येची कसोटी 1971 च्या डिसेंबरात लागली. विक्रांतच्या एका बॉयलरला चीर गेलेली, वेग मंदावलेला. तिला बंगालच्या उपसागरात ठेवले गेले. तेथे तिच्या अलिझे विमानांनी चितगाववर रात्री बॉम्ब टाकले. पाणबुडी शोधण्यासाठी घेतलेले विमान बंदरे झोडपू लागले. युद्धात कोणते हत्यार कोणत्या कामी येईल, हे सांगता येत नाही. पश्चिमेकडे मुंबईच्या रक्षणाला किनाऱ्यावरून उडणारी मोजकी अलिझे आणि त्याच वर्षी आलेली सी किंग हेलिकॉप्टरे एवढेच बळ होते.

आणि नेमकी पश्चिमेस ‘हंगोर’ होती. ही पाकिस्तानी पाणबुडी फ्रान्समध्येच, ब्रेस्ट येथे बांधलेली. शिकारी आणि सावज दोघेही एकाच देशाच्या कारखान्यांतून आलेले! तिचे बिनतारी संदेश आपल्या लोकांनी टिपले आणि ती दीवच्या बाजूस असल्याचा अंदाज बांधला. तिला गाठण्यासाठी मुंबईहून ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ ही दोन लढाऊ जहाजे निघाली. तिसरे ‘कुठार’, त्याच तुकडीतले, यंत्रघरातील स्फोटामुळे मुंबईतच अडकले होते. हंगोरचे कान या जहाजांच्या कानांहून तिखट. शिवाय खुकरीवर शोधयंत्राचा पल्ला वाढविण्याचा प्रयोग चालला होता आणि त्यासाठी ती संथ चालत होती, अशी नोंद आहे.

9 डिसेंबरची रात्र. हंगोरचा पहिला टॉर्पेडो कृपाणवर सुटला. तो फुटला नाही. दुसऱ्याने खुकरीचा वेध घेतला. काही मिनिटांत जहाज गेले. 18 अधिकारी आणि 176 नाविक त्यात गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जितक्यांना बाहेर काढता येईल तितक्यांना काढले आणि स्वतः जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने लढाईत बुडविलेले हे पहिले जहाज.

त्यानंतर चार दिवस जहाजे, अलिझे आणि सी किंग हंगोरच्या मागे लागली. समुद्र घुसळून निघाला. पण ती निसटली आणि कराचीला सुखरूप पोहोचली. दरम्यान 10 डिसेंबरला कच्छच्या जखाऊजवळ एका अलिझेला पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानाने पाडले. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोघे सहकारी परतले नाहीत. पाण्याकडे डोळे लावून सावकाश फिरणाऱ्या विमानाला आवाजाच्या दुप्पट वेगाने धावू शकणाऱ्या विमानापुढे काय करता येणार?

येथे भाचा म्हणाला, “म्हणजे विमाने हरली!” खेळाच्या हिशेबाने तसेच. तिथे पाणबुडी बुडाली तर गुण, नाहीतर शून्य. माझे मत निराळे आहे. बॅटरीवर चालणाऱ्या पाणबुडीला हवा घ्यावयास केव्हातरी वर यावेच लागते. डोक्यावर विमान घिरट्या घालीत असेल तर ती खोलवर दबून राहते, वेग गमावते आणि जहाजांच्या वाटेवर येऊ शकत नाही. एकही पाणबुडी न बुडविता दिवसभर उडून परत आलेल्या विमानानेही आपले काम केलेले असते. खुकरीच्या रात्री तिच्या डोक्यावर असे छत्र असते तर? हा प्रश्न पुढे आरमाराने स्वतःलाच विचारला असावा, असे पुढच्या घटनांवरून वाटते.

समुद्रावरची टेहळणी तोवर हवाईदलाकडे होती. तिची सुपर कॉन्स्टेलेशन विमाने मुळात एअर इंडियाची उतारू विमाने. 1976 साली ते काम आरमाराकडे आले. 1977 मध्ये रशियन ‘आयएल-38’ गोव्याला दाबोळी येथे आली. पाणबुडीच्या पोलादाने पृथ्वीच्या चुंबकत्वात पडणारा किंचितसा फरक टिपणारे यंत्र त्यांच्या शेपटीत होते. या ताफ्याच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशीच, 1 ऑक्टोबर 2002 रोजी, दोन विमाने गोव्याच्या आकाशात एकमेकांवर आदळली आणि त्यांतील बाराही जण गेले. उरलेली 2023 पर्यंत उडत राहिली. 2013 पासून ‘पी-8आय’ आली आहेत. 2022 मध्ये त्यांची एक तुकडी दाबोळीसही आली. अलिझेने मात्र 1991 सालीच निरोप घेतला.

एवढे ऐकून भाच्याने फोन उलटा ठेवला आणि “ते अलिझे आता कुठे पाहायला मिळेल?” म्हणून विचारले. दाबोळीजवळ नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे. तेथे एक उभे आहे, पंख मिटता येतात ते. नाताळच्या सुट्टीत गोव्याला न्यायचे मी कबूल करून बसलो आहे. येताना दीवला जाऊन खुकरीचे स्मारकही पाहू, असे तो म्हणतो. गोव्याहून दीव किती लांब, ते त्याला नकाशावर अजून दाखवावयाचे आहे.