उधारीची कडू बिअर

पुण्यात एका नव्या, मला अजिबात माहीत नसलेल्या छोट्या ब्रुअरीची आयपीए (इंडिया पेल एल) मागवली, तेव्हा वाढणाऱ्या मुलाने आधीच विचारलं, "सर, कडू आहे, चालेल ना?" चालणारच होती. ग्लास नाकाशी नेला तर ताजं पपनस सोलावं तसा वास आला, मागोमाग चिडाच्या राळेचा. घोट घेतल्यावर कडवटपणा जिभेच्या मुळाशी बसला तो बराच वेळ तिथेच राहिला. उत्तम बिअर. अशा ग्लासाबरोबर जी गोष्ट हमखास सांगितली जाते, ती मात्र मला पटत नाही. हॉजसन नावाच्या लंडनच्या ब्रुअरने म्हणे हिंदुस्थानच्या लांब प्रवासात बिअर नासू नये म्हणून तीत हॉप्स भरपूर घातले आणि आयपीएचा शोध लावला.

हॉप्समध्ये टिकवण्याचा गुण आहे, हे खरंच. वेलीच्या मादी बोंडांत पिवळी, चिकट पूड असते. ती उकळली की कडूपणा उतरतो आणि बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना आळा बसतो. पण उष्ण देशांत पाठवायच्या बिअरला हॉप्स जास्त लागतात, हे इंग्लंडमधल्या ब्रुअरांना १७६०च्या दशकातच ठाऊक होतं. शिवाय काळी पोर्टर बिअरही हिंदुस्थानात धडपणे पोहोचत होती. साहेबलोक पेल एल पीत, तर गोऱ्या शिपायांच्या वाट्याला बहुधा पोर्टर येई.

मग हॉजसनच का? माझ्या मते उत्तर बिअरमध्ये नाही, वहीखात्यात आहे. जॉर्ज हॉजसनने १७५२ साली पूर्व लंडनमधल्या बो इथे ब्रुअरी चालवायला घेतली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं ब्लॅकवॉलला नांगर टाकत, ती जागा तिथून हाकेच्या अंतरावर. या जहाजांच्या कप्तानांना स्वतःच्या खासगी व्यापाराची मुभा होती. हॅम, चीज, काचसामान, टोप्या असा माल ते मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या वस्तीला विकत. जाताना जहाजं अर्धीमुर्धी रिकामी असत, त्यामुळे पिंपांचं भाडं कमी पडे. हॉजसनकडून माल मिळे तो तब्बल अठरा महिन्यांच्या उधारीवर. कप्तान हिंदुस्थानात जाऊन, विकून, परत येऊन पैसे देई. घराजवळ माल आणि वर इतकी मोठी उधारी, मग दुसऱ्या ब्रुअरकडे कोण जाईल?

जहाजाने मात्र एक काम केलं, जे कुणी योजलं नव्हतं. इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या तळघरात हॉजसनच्या पेल एलसारखी जोरकस बिअर वर्ष-दोन वर्षं मुरायला ठेवत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिने हलत, डुलत, विषुववृत्त ओलांडताना तापत हॉजसनची बिअर लवकर मुरली. मुंबईच्या उन्हाळ्यात ती पारदर्शक, फेसाळ, कडक बिअर लोकांना आवडली यात नवल नाही.

पुढे हॉजसनच्या वारसांना हाव सुटली. १८२०च्या सुमारास त्यांनी उधारी बंद केली, भाव वाढवले आणि कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवायला सुरुवात केली. ज्या सोयीवर धंदा उभा होता, तीच मोडली. १८२२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक मार्जोरीबँक्स यांनी बर्टन-अपॉन-ट्रेंटचा ब्रुअर सॅम्युअल ऑलसॉप याला गाठलं. रशियाने जकात वाढवल्यामुळे बर्टनचा तिथला बाजार नुकताच बसला होता, त्याला नवं गिऱ्हाईक हवंच होतं. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत उकळला, असं सांगतात. किटली खरी असो-नसो, बर्टनचं पाणी खरं होतं: त्यात जिप्समचा अंश भरपूर, त्याने हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि धारदार होतो. लंडनच्या पाण्याला ते जमत नव्हतं. ऑलसॉपपाठोपाठ बर्टनचाच ब्रुअर बासही या धंद्यात उतरला आणि बो मागे पडलं.

एवढं झाल्यावरही माझ्या ग्लासातला पपनसाचा वास या गोष्टीत कुठेच नाही. तो हॉजसनचाही नाही आणि ऑलसॉपचाही नाही. त्यांचे हॉप्स इंग्लिश, आणि इतक्या महिन्यांच्या प्रवासात ताजा गंध उडून जाणारच. हा वास अमेरिकेतला आहे. ओरेगनमधल्या कॉर्व्हॅलिस इथे सरकारी संशोधनातून 'कॅस्केड' जात तयार झाली आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने 'लिबर्टी एल'मध्ये ती वापरली. १९८० मध्ये केन ग्रॉसमनने चिको गावात दुग्धालयांची जुनी भांडी जोडून सिएरा नेव्हाडा सुरू केली आणि तिच्या पेल एलमध्ये कॅस्केडचा गंध पुढे आणला. उकळी संपत आल्यावर किंवा आंबून झाल्यावर हॉप्स घातले की ती उडती तेलं टिकतात. सुगंधासाठी इतके हॉप्स खर्चणं मोठ्या कारखान्यांना परवडण्यासारखं वाटत नव्हतं; छोट्यांनी ते केलं.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. तेव्हापासून इथे पेले बरेच बदलले, पण हॉप्स अजून बहुतेक परदेशातूनच येतात. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉप्सची शेती होते. मला एखाद्या पुणेकर ब्रुअरने त्या बोंडांची कडू बिअर करून पाजावी, असं फार वाटतं. तिचा वास पपनसाचा नसला तरी चालेल.