मादी पतंग सापळ्यात कशी आली?



गावोगाव फिरताना एक प्रश्न हमखास कानी पडतो. "साहेब, कामगंध सापळा पतंगांनी भरला, तरी फळ किडकं कसं?" प्रश्न रास्त आहे. त्या सापळ्यात येतो तो नर. अंडी घालणारी मादी बाहेरच राहते, आणि उरलेले थोडे नरही पुष्कळ माद्यांना पुरतात. मग मादीला गाठायचे कसे? त्याची हकीकत आज सांगतो.

ही हकीकत सफरचंदाच्या बागेतली आहे. कॉडलिंग मॉथ नावाच्या पतंगाची अळी फळात शिरून थेट बियांपर्यंत पोखरते. आपल्या देशात ही कीड लडाखमध्ये आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात हिच्यासाठी बागायतदार वर्षानुवर्षे शिशाचे आर्सेनेट फवारीत. ते विष मातीत साठून राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले. त्यावर तिथे १९७२ मध्ये बंदी आली.

फवारणीच्या त्या काळातही काही बागांत मळीचे आंबवलेले पाणी भांड्यात भरून झाडाला टांगीत. आंबूस वासाला भुलून नर आणि मादी दोन्ही त्यात बुडत. पण माशा-चिलटेही पडत, पाणी सारखे बदलावे लागे. हळूहळू ही रीत मागे पडली.

१९५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीम पतंगांपासून मादीचा कामगंध वेगळा काढून ओळखला. १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रोलोफ्स आणि सहकाऱ्यांनी कॉडलिंग मॉथचा कामगंध ओळखला. सापळे सोपे झाले, पण येणार ते नरच! १९९१ पासून अमेरिकेत बागभर हाच गंध पसरवून नराला चकवण्याची पद्धत सुरू झाली. सेंद्रिय बागांना मोठा आधार मिळाला. मात्र सगळीकडे तोच वास, त्यामुळे साध्या कामगंध सापळ्यावरून किडीचा नेमका अंदाज येईना.

तेव्हा कॅलिफोर्नियातील लाइट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले, की पिकलेल्या नासपतीच्या वासातील एका द्रव्याकडे मादीही येते. २००७ मध्ये लँडोल्ट आणि सहकाऱ्यांनी त्याला सिरक्याच्या आम्लाची जोड दिली, तेव्हा पतंग जास्त सापडू लागले. म्हणजे आंबवलेल्या मळीचीच जुनी युक्ती नव्या रूपात परत आली, बरं का!

आता आपल्या बागेचे पाहू. मोसंबी, संत्रा, डाळिंबावर रात्री सोंड खुपसणारे रसशोषक पतंग असतात. इथे नर-मादी दोघेही फळ नासवतात, आणि दोघेही गूळ व आंबलेल्या रसाकडे येतात. म्हणून फळे पक्व होऊ लागताच:

१. गुळाचे आंबूस पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात भरून बागेत ठेवा, ते वरचेवर बदला.
२. पडलेली फळे रोज वेचून खोल पुरा. नाहीतर त्यांचाच वास पतंगांना बोलावतो.
३. बांधावरील गुळवेल, वासनवेल काढा. या पतंगांच्या अळ्या त्यांवर वाढतात.
४. शक्य तिथे फळांना पिशव्या बांधा.

नुसत्या भांड्यावर विसंबू नका, चारही कामे जोडीने करा. आणि सापळा पाहताना आधी विचारा, यात कोण आलंय, नर की मादी? पुढचा निर्णय त्यावरच घ्यायचा आहे.