प्राँगहॉर्नची धनुष्यशिकार
उत्तर अमेरिकेतील खुल्या गवताळ मैदानांवर प्राँगहॉर्न (अँटिलोकॅप्रा अमेरिकाना) या कुरंगसदृश खुरी प्राण्याची धनुष्यबाणाने केली जाणारी शिकार. बंदुका येण्यापूर्वी ग्रेट बेसिनमधील शोशोनी व पायूट लोक झुडपांच्या कुंपणात कळप हाकून आणून त्यांवर बाण सोडीत. हा प्राणी तीक्ष्ण दृष्टीचा व ताशी सु. ८५ किमी. वेगाने धावणारा असल्याने शिकारी पाणवठ्यालगतच्या आडोशात दबा धरून बसतो किंवा सप्टेंबरमधील माजाच्या काळात नराची प्रतिकृती उभी करून, तिला प्रतिस्पर्धी समजून चालून येणाऱ्या नरास बाणाच्या टप्प्यात आणतो (पहा : धनुर्विद्या). वायोमिंगसारख्या राज्यांत या शिकारीसाठी परवाना व स्वतंत्र हंगाम असतो. पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये (१९३७) शस्त्रांवरील आणि पुढे धनुष्यबाणांवरीलही अबकारी कराचे उत्पन्न वन्यजीव व्यवस्थापनास मिळते (पहा : वन्यजीव संरक्षण).