मे महिन्याची सुट्टी : आजोळ, आगबोट आणि वाळवण

मराठी आत्मचरित्रांत आणि ललित निबंधांत उन्हाळ्याच्या सुट्टीइतका आवडीने आठवला गेलेला काळ क्वचितच दुसरा असेल. आजोळचे घर, पडवीतला झोपाळा, आढीत पिकणारे आंबे, विहिरीतले पोहणे, रात्री अंगणात पसरलेल्या अंथरुणांवर ऐकलेल्या भुताखेतांच्या गोष्टी, या तपशिलांची उजळणी इतक्या वेळा झाली आहे की ही सुट्टी ऋतूप्रमाणे आपोआप येत असावी असे वाटावे. वस्तुतः ती इतिहासाने घडवलेली एक संस्था आहे. तिला तिचे पंचांग आहे, तिची वाहतूक आहे आणि तिची श्रमविभागणीही आहे. मुंबईतील नोकरी आणि कोकणातील घर यांच्यामध्ये वाटल्या गेलेल्या कुटुंबांपुरता या संस्थेचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम पंचांगाकडे वळू. जुन्या पाठशाळांना सुट्टी असे ती तिथीची. प्रतिपदा, अष्टमी, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. अध्ययन थांबे ते चंद्राच्या गतीनुसार. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखाते उभे राहिले, १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि शाळा, महाविद्यालये व न्यायालये यांचे वर्ष इंग्रजी महिन्यांवर मोजले जाऊ लागले. म्हणूनच आपण ‘वैशाखाची सुट्टी’ म्हणत नाही, ‘मे महिन्याची सुट्टी’ म्हणतो. सुट्टीला नाव इंग्रजी मिळाले, तिच्यात येणारे सण मात्र चांद्रमासाचेच राहिले. चैत्र शुद्ध तृतीयेला बसलेली चैत्रगौर अक्षय्य तृतीयेपर्यंत असते. तिच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ आणि कैरीचे पन्हे हे सुट्टीचे पहिले खाद्य. ज्येष्ठातली वटपौर्णिमा येईपर्यंत मुले बहुधा शहरात परतलेली असत. एकाच घरात दोन कालगणना नांदत होत्या आणि सुट्टीतील उत्सवाचा रंग या दोहोंच्या मेळातून आलेला होता.

इंग्रज राज्यकर्त्यांचीही उन्हाळ्याची एक रीत होती. १८२८ साली गव्हर्नर जॉन माल्कम याच्या पुढाकाराने महाबळेश्वरची वसाहत आकाराला आली. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला पोहोचला आणि १९०७ साली नेरळहून तेथे छोटी आगगाडी चढू लागली. साहेब उन्हाळ्यात डोंगर चढत असे, तो हवेसाठी. पुढे सुस्थित मराठी कुटुंबेही तेथे जाऊ लागली. पण मुंबईतील सामान्य कोकणी कुटुंब उलट दिशेला, दमट आणि घामट किनाऱ्याकडे जाई. त्याला हवापालट नको होता, माणसे हवी होती. मराठीत ‘गावाला जाणे’ या शब्दप्रयोगात विश्रांतीचा अर्थ फारसा नाही; भेटीचा आहे, आणि थोडासा कर्तव्याचाही आहे.

हा प्रवास दीर्घकाळ समुद्राने होत असे. मुंबईहून निघालेली आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेला जाई. डेकवर सतरंज्या पसरून, ट्रंका आणि वळकट्या उशाला घेऊन कुटुंबे रात्र काढीत. बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरत. हेलकावणाऱ्या बोटीतून हेलकावणाऱ्या पडावात लहान मुलाला एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचा तो क्षण हे त्या काळच्या सुट्टीचे पहिले साहस. त्यानंतर खाडी, बैलगाडी, पाऊलवाट असे करीत घर येई.

या वाहतुकीने सुट्टीला एक कठोर मर्यादाही घातलेली होती. पावसाळ्यात हा किनारा बंद होत असे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होईपर्यंत त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, ही किनाऱ्याची जुनी समजूत. त्यामुळे मे महिना सरताना शेवटची बोट कधी सुटते याकडे घरादाराचे लक्ष असे. समुद्राविषयीची ही धास्ती अनाठायी नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती बोट सुट्टीची नव्हती, जवळच्या पल्ल्याची होती. परंतु तिच्यातही बरीचशी माणसे सणाला घरी निघालेली होती. घरी जाण्याची ओढ आणि पाण्याची भीती ही कोकणी मनात शेजारी शेजारी वसत आली आहे.

आतापर्यंत वर्णिलेली सुट्टी ही मुख्यतः कारकून, शिक्षक, वकील अशा कुटुंबांची. १८५० नंतरच्या दशकांत मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो माणसे त्यांत कामाला आली. त्यांच्या सुट्टीची दिशा वेगळी होती. पुष्कळांची बायकामुले गावीच राहत. चाकरमानी खानावळीत जेवून गाळ्यात दाटीने राही आणि उन्हाळ्यात रजा काढून गाव गाठी. त्याच्या मुलांना सुट्टीत आजोळ भेटत नसे, बाप भेटत असे. या थोड्या दिवसांत लग्ने उरकायची, छपराची शाकारणी करायची, पावसाआधी शेताची भाजावळ पुरी करायची. मध्यमवर्गीय लेखकाने ज्याला मौज म्हणून नोंदवले, तो चाकरमान्याच्या लेखी वर्षभराचा संसार एका महिन्यात करून घेण्याचा काळ होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक कामगार गावी परतले, पण ते परतणे सुट्टीचे नव्हते.

श्रमाचा हा प्रश्न घरातही होता. उन्हाळा म्हणजे बेगमीचा हंगाम. पापड, कुरडया, सांडगे, लोणची, आमसुले, आंबापोळी, फणसपोळी हे सारे पहिल्या पावसाच्या आत करून, उन्हात खडखडीत वाळवून डब्याबरण्यांत भरावे लागे. मुलांना काठी देऊन वाळवणाच्या राखणीला बसवीत. कावळे हाकलण्याचा तो उद्योग पुढे आठवणींत खेळ म्हणून उतरला. पण पहाटे उठून चीक शिजवणारी, पीठ कुटणारी, आणि त्याच चुलीवर घरच्या व पाहुण्यांच्या दुप्पट पंगतीचा स्वयंपाक रांधणारी स्त्री त्या आठवणींत बहुधा वासापुरती आणि चवीपुरतीच उरली.

येथे आजोळ या संस्थेतील एक मूलभूत विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. मुलांचे आजोळ हे आईचे माहेर. सासरी वर्षभर राबलेल्या स्त्रीला मे महिन्यात माहेरवाशीण होता येई. तिला सकाळी थोडे उशिरा उठता येई, तिच्या केसांना कोणी तेल लावी, तिला तिच्या लहानपणीच्या नावाने हाक मारली जाई. पुष्कळ स्त्रियांच्या आयुष्यातील ही एकमेव हक्काची विश्रांती होती. परंतु त्याच घरातील सुनेची, म्हणजे मुलांच्या मामीची स्थिती काय होती? नणंदा मुलाबाळांसह आल्या की तिचे काम वाढे, आणि तिचे स्वतःचे माहेर नेमके याच दिवसांत तिला दुरावे. पाहुणे घरात असताना सुनेने माहेरी जाणे शोभत नसे. एकीची विश्रांती दुसरीच्या श्रमावर उभी होती आणि दोघीही एकाच व्यवस्थेच्या लेकीसुना होत्या. ग. दि. माडगूळकरांच्या आगगाडीच्या प्रसिद्ध बालगीतातही मामीला नाव नाही. तिची थोरवी गायली जाते ती स्वयंपाकाची. हा कवीचा दोष नव्हे. मुलाच्या डोळ्यांना जे दिसत होते ते त्यांनी अचूक टिपले आहे.

मुलाच्या डोळ्यांना याहून अधिक दिसू शकते, हे साने गुरुजींनी दाखवून दिले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधील श्याम दापोलीला शिकतो आणि सुट्टीत घरी येतो, तो आईच्या कामात हातभार लावतो, मुलग्याने बायकांची कामे करण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. सुट्टीच्या आपल्या वाङ्मयात हा प्रसंग एकाकी आहे. पुष्कळ वाचकांनी त्यातील मातृप्रेम घेतले आणि काम तेवढे वगळले, असेच म्हणावे लागेल.

आणखी एक दृष्टी १९७० नंतरच्या दलित साहित्याने दिली. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनात रत्नागिरीच्या परिसरातील त्यांच्या गावच्या बायका डोक्यावर विक्रीची ओझी घेऊन, अवघड डोंगरवाट तुडवीत बाजाराला जातात. ज्या रत्नागिरीच्या बंदरात आगबोटीने उतरलेली मुले आनंदाने नाचत, त्याच रत्नागिरीची ही दुसरी वाट. परस्परांना छेद देणाऱ्या या दोन वाटा एकत्र ठेवल्याशिवाय कोकणच्या उन्हाळ्याचा इतिहास पुरा होत नाही.

पुढे साधने बदलली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि काही वर्षांत एस.टी. कोकणच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली. प्रवासी आगबोटींची जुनी वाहतूक क्रमाने आटत जाऊन बंद पडली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि गाव एका रात्रीच्या अंतरावर आले. प्रवास सोपा झाला, मुक्काम मात्र आखूड झाला. शेवटच्या बोटीची सक्ती नाहीशी झाली तसे दीड महिना एकत्र राहण्याचे कारणही उरले नाही. वाळवणे बाजारात मिळू लागली. स्त्रिया नोकरी करू लागल्या आणि मे महिन्यात त्यांनाही मोजकीच रजा मिळू लागली. आजोळ ओस पडले म्हणून हळहळणाऱ्या लेखनाची त्यानंतर वाण नाही. त्या हळहळीत खोटे काही नाही. भावंडांच्या मेळ्यात वाढण्याचे सुख खरोखरच हरवले आहे.

परंतु साहित्याच्या अभ्यासकाने हे स्मरणरंजन वाचताना काही साधे प्रश्न विचारावेत. विहिरीचे पाणी कोणी काढले? पहिली पंगत कोणाची आणि शेवटची कोणाची? आंबे विकत घेणारा कोण आणि ते डोक्यावर वाहून आणणारी कोण? या प्रश्नांनी त्या सुट्टीची गोडी कमी होत नाही. ती गोडी कोणाच्या हातची होती एवढे कळते. आणि ज्या मामीचे नाव आपल्या आठवणींत नोंदवले गेले नाही, तिचे नाव घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाला विचारून घेण्याची बुद्धी होते.