आकाशाची खरेदीखते

न्यूयॉर्क शहरात ५७ व्या रस्त्यावर स्टाइनवे या पियानो बनविणाऱ्या कंपनीने १९२५ साली बांधलेली एक देखणी वास्तू आहे. तिच्याच आवारातून आज ४३५ मीटर उंचीची एक निवासी इमारत आकाशात गेलेली दिसते. तिची रुंदी मात्र अवघी १८ मीटर! एक इंच रुंदीची नि दोन फूट लांबीची पट्टी टेबलावर उभी धरून पाहावी, म्हणजे श्रोत्यांना या प्रमाणाची कल्पना येईल. आणि एवढ्या उंच इमारतीत घरे किती, तर जुन्या वास्तूतील धरून सुमारे साठ.

अशा पेन्सिलीसारख्या इमारतींची त्या परिसरात आता एक रांगच झाली आहे. स्थापत्यशास्त्राचा विजय म्हणून त्यांचे कौतुक होते, आणि ते अगदीच अस्थानी नाही. तथापि हा बारीकपणा अभियंत्याच्या हौसेतून आलेला नाही. तो कायद्याच्या पोटातून आला आहे. आणि त्या कायद्याचा जन्म मुळात रस्त्यावरच्या माणसाला ऊन मिळावे म्हणून झाला होता.

पूर्वी युरोप-अमेरिकेतील मोठ्या घरांत वरचा मजला नोकराचाकरांचा असे. जिने चढून दमावयाचे ते गरिबाने. १८५७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील एका पाच मजली दुकानात ओटिसची माणसे वाहणारी लिफ्ट बसली, आणि हळूहळू हा क्रम उलटला. उंची प्रतिष्ठेची झाली. पुढे पोलादी सांगाड्याची जोड मिळाल्यावर इमारती किती वाढाव्यात याला धरबंध उरला नाही. १९१५ साली ब्रॉडवेवरच इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली. जमीन एक एकरालाही थोडी कमी, मजले अडतीस, आणि सगळे रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर गेलेले. तिची सावली सात एकरांवर पडते असे लोक हिशेब करून सांगू लागले. शेजारच्या कचेऱ्यांत भरदुपारी दिवे लावण्याची पाळी आली.

या संतापातून १९१६ सालचा कायदा झाला. विशिष्ट उंचीनंतर इमारतीने पायरीपायरीने मागे सरावे, रस्त्यावर उजेड उतरू द्यावा, असा त्याचा दंडक होता. मात्र त्यात एक फट राहिली: जमिनीच्या चौथ्या हिश्श्यापुरता मनोरा हवा तितका उंच नेण्यास मोकळीक होती. १९३० सालची क्रायस्लर बिल्डिंग व १९३१ सालची एम्पायर स्टेट बिल्डिंग यांचा पायऱ्यापायऱ्यांचा घाट या कायद्यानेच घडविला.

१९६१ साली हा कायदा बदलून नवा हिशेब आला. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या अमुक पटीइतकीच एकूण बांधकामाची जागा मिळेल, असे ठरले. मुंबईकरांच्या तोंडी असलेला ‘एफएसआय’ तो हाच. शासकीय मराठीत त्याला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. कोटी कोटी रुपयांच्या व्यवहाराला चटईचे नाव मिळावे, ही मोठी गंमत आहे. समजा, दहा पट परवानगी असलेल्या जागेवर एखादे जुने दुमजली नाट्यगृह उभे आहे. त्याच्या डोक्यावरचे न बांधलेले आठ मजले हवेतच राहिले. लागून असलेल्या जमिनी कागदोपत्री एक करून ते न बांधलेले मजले शेजाऱ्याला विकता येऊ लागले. हवेचे खरेदीखत ते हेच! जतन करावयाच्या ऐतिहासिक वास्तूंनाही, त्यांचे नुकसान भरून यावे म्हणून, असा हक्क दुसरीकडे देण्याची सवलत मिळाली. ग्रँड सेंट्रल स्थानकावर टोलेजंग इमारत चढविण्याची परवानगी नाकारली गेली, तेव्हा मालक कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७८ साली न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली, आणि ही सवलत त्या निकालातील एक महत्त्वाचा आधार ठरली. मुंबईच्या नियमांत विकास हक्क हस्तांतरण १९९१ साली आले, ते याच जातीचे.

हेतू वाईट नव्हता. जुन्या वास्तू त्यामुळे खरोखर वाचल्या. परंतु एकूण क्षेत्रफळावर मर्यादा होती, त्या भागात उंचीवर नव्हती. तेव्हा आजूबाजूची हवा विकत घ्यावी, मजला लहान ठेवावा आणि मजल्यावर मजला चढवीत जावे, हे गणित कोणाला तरी सुचणारच होते. शिवाय यंत्रसामग्रीसाठी ठेवलेली पोकळ जागा हिशेबात धरली जात नसे. त्यामुळे मध्येमध्ये पोकळ्या सोडूनही वरची घरे अधिक उंच नेता येत. ही पळवाट नगरपरिषदेने २०१९ साली पुष्कळशी आवळली. तोवर मुख्य रांग उभी राहिली होती. नियमात बसणाऱ्या अशा इमारतीसाठी जाहीर सुनावणीची गरज नसे. नागरिकांना बातमी कळे ती पाया खणला गेल्यावर.

वाऱ्याशी मात्र कागदपत्रांनी तडजोड करता येत नाही. २०१५ साली पुरी झालेली ४३२ पार्क अॅव्हेन्यू ही इमारत ४२६ मीटर उंच आणि प्रत्येक बाजूस सुमारे साडेअठ्ठावीस मीटर आहे. ठरावीक मजल्यांनंतर तिच्यात वारा आरपार जावा म्हणून मोकळी जागा सोडली आहे. स्टाइनवेच्या मनोऱ्याच्या शिरोभागी सुमारे ८०० टनांचे धूड बसविले आहे. इमारत एकीकडे कलू लागली की ते विरुद्ध दिशेने झुलून हेलकावा जिरवते. इतके करूनही ४३२ पार्क अॅव्हेन्यूच्या रहिवाशांच्या मंडळाने २०२१ साली बांधणाऱ्यांवर दावा लावला. पाण्याची गळती, इमारतीचे कुरकुरणे आणि बंद पडणाऱ्या लिफ्टा अशा त्यातील तक्रारी होत्या. या रांगेतील कित्येक घरे कंपन्यांच्या नावांवर घेतलेली असून मालक वर्षाकाठी थोडेच दिवस तेथे राहतात.

त्या घरांची खरी किंमत आहे ती खिडकीतून दिसणाऱ्या सेंट्रल पार्कची. १८५८ साली ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांची योजना निवडली गेली, तेव्हा ज्यांना गावाबाहेर हवापालटाला जाणे परवडत नाही त्यांनाही झाडे व मोकळे आकाश मिळावे, ही कल्पना तिच्यामागे होती. ५७ वा रस्ता पार्कच्या दक्षिणेस दोनच रस्त्यांवर आहे. डिसेंबराच्या अखेरीस तेथे भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून सव्वीस अंशच वर येतो आणि सावली वस्तूच्या दुपटीने लांबते. म्हणजे ४३५ मीटरांच्या मनोऱ्याची सावली जवळजवळ नऊशे मीटर उत्तरेकडे पोचते, नि तिचा बहुतेक भाग पार्कात पडतो. म्युनिसिपल आर्ट सोसायटी या १८९३ पासूनच्या संस्थेने २०१३ साली या सावल्यांचे नकाशेच काढून नगरवासीयांपुढे ठेवले.

बांधणाऱ्यांचे उत्तर असे की इमारत बारीक, म्हणून सावलीही बारीक. ती घटकाभरात पुढे सरकते. एका इमारतीपुरते ते खरेही आहे. परंतु पार्कच्या दक्षिण टोकाला हेक्शर क्रीडांगणात हिवाळ्यात मुले खेळावयास येतात, तेव्हा एकीची सावली सरकते न सरकते तोच शेजारणीची येऊन टेकते.