उमेदवारीचे पालकत्व : खानदेशातील जिनापासून चाळीसगावच्या वर्कशॉपपर्यंत

कसब शिकण्यासाठी परक्याच्या हाताखाली राहणाऱ्या अल्पवयीन मुलाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न खानदेशात रेल्वे आणि कापसाच्या जिनांबरोबर आला. त्याआधी सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांची मुले बापाच्या किंवा चुलत्याच्या हाताखाली शिकत, आणि शिकवणारा, पोसणारा व शिक्षा करणारा माणूस एकच असे. ती व्यवस्था आदर्श मुळीच नव्हती, कारण जातीबाहेरच्या मुलाला तिचे दार बंद होते आणि घरातल्या मारहाणीला कोठे दाद नव्हती. परंतु मुलाला इजा झाली तर त्याचे कोणी पाहायचे, याविषयी वाद होत नसे.

शिकणाऱ्यांचा भार समाजाने उचलण्याचा एक जुना दाखला चाळीसगाव तालुक्यातच सापडतो. पाटण येथील इ. स. १२०७च्या सुमाराच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याने त्याला दान दिल्याची नोंद असून, लेखाच्या मराठी भागात बाजारातील व्यवहारांतून आणि तेलाच्या घाण्यांतून मठाला द्यावयाचा हिस्साही सांगितला आहे. घाणा चालवणाऱ्याने विद्यार्थ्यांसाठी आपल्या उत्पन्नातला वाटा द्यावा, ही कल्पना मोठीच होती. मात्र तो वाटा शास्त्र शिकणाऱ्यांसाठी होता. घाण्यावर काम शिकणाऱ्या पोरासाठी अशी कोणतीही तरतूद त्या लेखात नाही.

उमेदवारी, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी उस्तादाकडे राहून धंदा शिकणे, या रीतीला लेखी कायद्याचे रूप कंपनी सरकारने १८५०च्या एकोणिसाव्या कायद्याने दिले. अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या गरीब मुलांना पोटापुरते कसब मिळावे, हा त्याचा हेतू होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला बाप किंवा पालक लेखी कराराने जास्तीत जास्त सात वर्षांसाठी बांधून देऊ शकत असे, आणि ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी मॅजिस्ट्रेट पालकाच्या जागी उभा राहत असे. उस्तादाने छळ केल्यास मॅजिस्ट्रेटकडे तक्रार नेण्याची सोय या कायद्यात होती, तशीच मुलाने गैरवर्तन केल्यास त्याला शिक्षा देवविण्याचीही होती. दहा वर्षांच्या पोराने स्वतःच्या मालकाविरुद्ध कचेरीची पायरी चढावी, ही अपेक्षा कागदावर कितीही न्याय्य दिसली तरी ती पुरी होणे अवघडच होते.

खानदेशाचे चित्र त्यानंतरच्या दोन दशकांत पालटले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग जिल्ह्यातून गेला, अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) कापसाचे भाव चढवले, आणि कपाशीतून सरकी वेगळी करणारे जिन व रुईच्या गठाणी बांधणारे प्रेस रेल्वेच्या कडेने उभे राहिले. पुढे १९०० साली चाळीसगावहून धुळ्याकडे फाटा निघाला, गाव जंक्शन झाले, आणि कालांतराने तेथे लक्ष्मीनारायण गिरणीसारखी कापडगिरणीही चालली. जिनाचे काम मात्र हंगामी होते. माल येऊन पडला की थांबायचे नाही, अशी त्याची रीत होती. १८८४-८५च्या मुंबईच्या कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिन-प्रेसविषयी झालेल्या साक्षींत, ऐन हंगामात तीच माणसे, आणि त्यांत बहुतांशी बायका, कित्येक दिवस रात्रंदिवस राबत असल्याचे सांगितले गेले.

भारतातील पहिला कारखाना कायदा तोवर, म्हणजे १८८१ साली, झाला होता. सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वयाच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच संरक्षण त्याने दिले. आणि तेही शंभर किंवा अधिक माणसांच्या व वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरते. खानदेशातील हंगामी जिनांना यातून वाट मोकळी राहिली. १८९१ साली किमान वय नऊ झाले आणि मुलांचे तास सातावर आले, परंतु हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यायला १९११ साल उजाडावे लागले. जेथे यंत्र सर्वांत वेगाने फिरत होते, तेथेच कायदा सर्वांत उशिरा पोहोचला, आणि या तीस वर्षांची जबाबदारी मालकांइतकीच ती सूट लिहून देणाऱ्या सरकारवरही पडते.

पुढची पावले भराभर पडली. १९२२ साली किमान वय बारा, १९३४ साली मुलांचे तास पाच, आणि १९४८च्या कारखाने अधिनियमाने किमान वय चौदा व मुलांसाठी साडेचार तास ठरले. या शेवटच्या कायद्याचे महत्त्व आकड्यांपुरते नाही. अल्पवयीन कामगाराला सरकारमान्य डॉक्टरचे सक्षमतेचे प्रमाणपत्र आवश्यक केले गेले. चालू यंत्र पुसणे किंवा त्याला तेल देणे त्याला मना झाले. आणि धोकादायक यंत्रावर त्याला लावण्यापूर्वी धोका समजावून सांगणे, पुरेसे शिकवणे किंवा जाणकाराच्या देखरेखीखाली ठेवणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. कापसाच्या प्रेसविषयी तर स्वतंत्र कलम होते: ज्या भागात कापूस पिंजणारे ओपनर यंत्र चालू असेल त्या भागात स्त्रिया व मुले कामाला ठेवता येत नसत, आणि यंत्रात कापूस घालण्याची बाजू बाहेर पडण्याच्या बाजूपासून छतापर्यंतच्या भिंतीने वेगळी केली असेल तरच घालण्याच्या बाजूला त्यांना ठेवण्याची मुभा होती. कायद्याने भिंतीची उंचीदेखील सांगावी लागणे, यातच त्या कामाचा अनुभव साठलेला आहे.

१९६१च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने १८५०च्या कायद्याची जागा घेतली. त्यात किमान वय चौदा राहिले, अल्पवयीनाच्या वतीने पालकाने करारावर सही करायची, विद्यावेतन द्यायचे, आणि कामावर इजा झाल्यास १९२३च्या भरपाई कायद्याप्रमाणे मालकाने भरपाई करायची, असे ठरले; २०१४च्या दुरुस्तीने धोकादायक उद्योगांतील उमेदवारीसाठी किमान वय अठरा झाले. याच अधिनियमाने उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असे स्पष्ट म्हटले आणि कामगार कायदे त्याला सर्वसाधारणपणे लागू नाहीत असे ठरवले, तरी आरोग्य, सुरक्षा व कल्याण यांच्या बाबतीत मात्र त्याला कामगारासारखेच धरले. हा अपवाद शहाणपणाचा होता, कारण पगाराच्या प्रश्नावर वाद घालता येतो, परंतु लेथवर अडकलेला हात विद्यार्थ्याचा की कामगाराचा, हे विचारण्यात अर्थ नसतो.

शाळा-महाविद्यालयांतून कामाच्या जागी येणाऱ्या मुलांची वाट वेगळी आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, पुढे उच्च माध्यमिक स्तरावर व्यवसाय शिक्षण आले, आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवण्याची कल्पना मांडली. चाळीसगावात आयटीआयची, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, मुले वेल्डिंग, फिटिंग, वायरिंग शिकतात. परंतु दहा दिवस पाहायला आलेल्या मुलाचा उमेदवारीचा नोंदणीकृत करार नसतो, आणि हंगामी जिनांच्या वेळी दिसलेली फट येथे नव्या रूपाने उघडते.

या फटीवर दोन अलीकडचे कायदे लागू पडतात आणि ते करारावर अवलंबून नाहीत. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार, अठरा वर्षांखालील मुला-मुलीवर असा अपराध झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आणि संस्थेचा किंवा कंपनीचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडवील तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१३च्या कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याने उमेदवार आणि प्रशिक्षणार्थी मुलींनाही कर्मचारी मानले आहे. दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते; त्याहून लहान वर्कशॉपसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. चाळीसगावच्या मुलीसाठी ती समिती रेल्वेने नव्वदेक किलोमीटरवरच्या जळगावला आहे, म्हणूनच तालुक्याला तक्रार घेणारा समन्वय अधिकारी नेमावा आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवावी, असे कायद्यात लिहिलेले आहे. मुलांना गॅरेजवर किंवा कारखान्यात पाठवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आणि त्यांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक मालकाने त्या अधिकाऱ्याचे नाव, पोलीस ठाण्याचा क्रमांक आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक पहिल्याच दिवशी मुलांच्या वहीत लिहून द्यावा.